रेघ मोडली तिथे

लॅपटॉपवरचे सगळे उपग्रह एकामागून एक दिसेनासे झाले, आणि मी काही बोलायच्या आत लवूदादाने सुकाणू फिरवलं.

“जॅमर,” तो म्हणाला. “जॅमर लावल्यानी.”

“रव रे. आधी फोनार बघूया,” मी म्हटलं. “माझ्याच सेटिंगात कायतरी बिघडला आसात.”

“इतके दिवस बरा चालला, आणि त्येंच्या जवळ इल्याबरोबर बिघडला?” त्याने इंजिनाचा वेग पुरता वाढवला. “आंधळे केल्यानी आमका. आता बघतंयच मी.”

समोर सकाळच्या धुरकट उजेडात ती पर्ससीन बोट उभी होती. आमच्या होडीच्या तिप्पट लांब. तिचं गोल जाळं अर्धंअधिक ओढून झालं होतं आणि जाळ्याच्या पोटात बांगडा उसळत होता. तिच्यावरच्या माणसांनी आम्हाला येताना पाहिलं आणि ओढायचं काम टाकून ती सगळी काठाशी येऊन उभी राहिली. कुणाच्या हातात बांबू होते, कुणाच्या हातात जाळ्याला लावायची शिशाची वजनं.

लवूदादा माझा मोठा भाऊ. होडीचा मालक तोच, होडी चालवणारा तांडेलही तोच. त्याला रागीट म्हणणं म्हणजे समुद्राला ओला म्हणण्यासारखं होतं. मालवणच्या उत्तरेला आमचं बंदर, आम्ही गाबीत, पिढ्यान्‌पिढ्यांचे मच्छीमार, आणि गेली काही वर्षं आमच्या सगळ्या रागाला एकच नाव होतं: पर्ससीन. किनाऱ्यापासून एका ठरलेल्या रेघेच्या आत त्या बोटींनी यायचं नाही असा नियम होता. त्या खुशाल यायच्या, अख्खा थवा जाळ्यात घेऊन जायच्या, आणि आमच्या जाळ्यात शेवाळ उरायचं. पावसाळा संपता संपता झालेल्या मारामारीत लवूदादाचा अर्धा कान सोडावॉटरच्या बाटलीने गेला होता आणि होडीवरचा जीपीएस सेट शिशाच्या एका फटक्यात फुटला होता. सुनावणीत त्यांचा वकील हसून म्हणाला, सेटवरचे आकडे काय, बटणं दाबून कुणीही आणेल. बोट रेघेच्या आत होती हे आम्ही शाबीत करू शकलो नाही.

म्हणून मी पुण्याची नोकरी सोडून आले आणि जीपीएसचा रिसीव्हर बांधला. बांधला म्हणायला त्यात हाताने करण्याजोगं फार थोडं होतं. कॉम्प्युटरवर टीव्ही बघायला मिळतो तसला एक बोटभर डोंगल, एक चौकोनी अँटेना, तिच्याखाली उपडं घातलेलं आईचं स्टीलचं ताट, आणि माझा म्हातारा लॅपटॉप. बाकी सगळं सॉफ्टवेअर. जगभरातल्या लोकांनी ते लिहून उघडं ठेवलेलं, कुणीही वाचावं, कुणीही वापरावं. ते माझ्या लॅपटॉपवर उभं करताना मी इतक्या शिव्या शिकले की आईने माझ्या खोलीचं दार लावून घेतलं. पण एकदा चालू झाल्यावर त्याचं मोल मला कळत होतं. बाजारातला सेट नुसते आकडे देतो. हा उपग्रहांकडून येणारा संदेश जसाच्या तसा, कच्चा, फाइलमध्ये उतरवून ठेवायचा. ती फाइल घेऊन कुणीही, अगदी त्या वकिलानेही, पुन्हा हिशोब करून बघावा की होडी कुठे होती. “ह्याच्यार क्रिकेट दिसता काय गो?” असं लवूदादा रोज विचारायचा, आणि रोज संध्याकाळी ते ताट गोड्या पाण्याने धुऊन, पुसून ठेवायचा.

त्या सकाळी होडीत आम्ही चौघं होतो. लवूदादा, मी, आबा सारंग हे वडिलांच्या वेळचे खलाशी, आणि आमचा दुसरा खलाशी बस्त्याव.

शिशाचा पहिला तुकडा बस्त्यावने फेकला. तो त्यांच्या केबिनच्या काचेतून आत गेला. मग वरून जे सुरू झालं त्यात काय दगड, काय बाटली, काय शिसं, हे बघायला वेळ नव्हता. मी लॅपटॉप पोटाशी धरून केबिनमध्ये खाली बसले. आबांच्या कपाळावर शिसं बसलं आणि ते माझ्या शेजारी येऊन असे अलगद बसले की जणू दमलेत. मग त्यांच्या डोळ्यांवरून रक्त उतरायला लागलं. कुणीतरी वरून उकळतं पाणी ओतलं. बस्त्यावची पाठ भाजली. तो ओरडला नाही, फक्त शर्ट अंगापासून ओढून धरून दात खात उभा राहिला.

लवूदादाने होडीचं नाक सरळ त्यांच्या कुशीत घातलं. धक्क्याने आमच्या फळ्या करकरल्या. त्यांचा एक खलाशी बांबूने आम्हाला मागे लोटायला वाकला होता, तो तोल जाऊन बांबूसकट आमच्या होडीत पडला. चाळिशीचा असेल. मिशा पिकायला लागलेल्या, कमरेला लाल पंचा. पडल्या पडल्या त्याने दोन्ही हात जोडले.

“मारूं नाका,” तो म्हणाला. त्याची भाषा आमच्या भाषेच्या शेजारघरची होती.

लवूदादाने वल्हं उचललं. पहिला घाव खांद्यावर, दुसरा बरगड्यांवर. माणूस लोळत काठाशी गेला, तिसरा घाव चुकवताना बाहेर घसरला आणि पाण्यात लोंबकळला. होडीच्या काठावर त्याची फक्त बोटं दिसत होती.

“दादा, नको,” मी ओरडले.

लवूदादाने वल्हं उभं धरलं आणि त्या बोटांवर मारलं. एकदा. मग पुन्हा. बोटं गेली.

त्याच वेळी त्यांच्या तांडेलाने जाळ्याचा दोर तोडला. बांगड्यासकट जाळं सोडून ती बोट धूर ओकत निघाली, आणि लवूदादा तिच्यामागे. मी त्याचा दंड धरला, नखं रुतवली, कानात ओरडले, की माणूस पाण्यात आहे, मागे फिर. त्याने मला झटकलं.

“त्येंचो माणूस, त्येंची माणसा उचलतली.”

“ती पळतत, दिसना नाय तुका?”

त्याला दिसत नव्हतं. त्याचे डोळे समोरच्या धुरावर होते आणि तोंडातून एकसारख्या शिव्या येत होत्या. आम्ही डावीकडे वळलो, उजवीकडे वळलो, एकदा त्यांच्या मागच्या लाटेत पार आडवे झालो. मोठ्या बोटीपुढे आमचं इंजिन ते काय. शेवटी ते तापून खोकायला लागलं आणि ती बोट धुरकट हवेत नाहीशी झाली. किनारा दिसत नव्हता. सगळीकडे सारखंच पाणी.

तेव्हा वायरलेस बोलला. त्यांचा तांडेल होता. मोडक्या मराठीत बोलत होता आणि आवाज रडवेला होता.

“आमचा गोपाळ तुमच्या बोटीत पडला. त्याला मारू नका. जाळं ठेवा, मासे ठेवा. माणूस परत द्या. त्याला दोन मुली आहेत.”

त्यांना वाटत होतं आम्ही त्याला धरून ठेवलाय. पूर्वी दोन्ही बाजूंनी असे खलाशी धरून बंदरात नेले गेले होते. म्हणून तर ते थांबले नव्हते. लवूदादाने सुकाणूवरचे हात काढले आणि पँटला पुसले.

“कोणी उचलूक नाय त्येका,” मी म्हटलं.

मग बस्त्याव पाठ वाकवून माझ्या भावाजवळ गेला.

“लवू, घराक चल. कोणी बघूक नाय. म्हणाक येता, पडलो तो त्येंच्याच होडयेतसून. दर्या काय साक्ष देणा नाय.”

“मी बघलंय,” मी म्हटलं.

“तू बहीण मां त्येची?”

मी फोन काढला. फोनने आम्ही आता कुठे आहोत ते दाखवलं, अगदी बिनबोभाट दाखवलं. आता तरी जॅमर वगैरे काही नव्हतं. पण तो माणूस कुठे पडला हे फोनला ठाऊक नव्हतं, आणि इतकी वळणं घेतल्यावर आमच्यापैकीही कुणाला नव्हतं.

“फाइलीत आसतला,” मी म्हटलं. “स्क्रीनार उपग्रह दिसूक नाय तरी रेकॉर्डिंग चालूच होता. हिशोब केलंय तर तो खय पडलो ता कळात.”

लवूदादा माझ्याकडे वळला. एवढा वेळ लाल असलेला त्याचा चेहरा पांढरा झाला होता.

“म्हणजे सगळा असा त्याच्यात? मी मारलंय ती जागा पण?”

“ती पण.”

त्याने लॅपटॉप माझ्या हातातून ओढला. मी सोडला नाही. आम्ही दोघं लहानपणी पतंगासाठी भांडायचो तसे त्या एका वस्तूला धरून होडीभर फरफटलो. मग त्याने उलट्या हाताने माझ्या तोंडावर मारलं. पुढचा दात तुटून जिभेवर आला. मी खाली पडले आणि तो लॅपटॉप डोक्यावर उचलून काठाशी उभा राहिला.

“टाक,” मी रक्त थुंकत म्हटलं. “आतापर्यंत तू माणसाक मारलंस फक्त. ह्यो टाकलंस की जिवानिशी मारलंस.”

तो उभाच राहिला. होडी हलत होती आणि मला खरंच वाटलं की लॅपटॉप गेला. आबा त्या रक्ताळलेल्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होते. “लवू,” एवढंच ते म्हणाले, बापाच्या सुरात. लवूदादाने लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला आणि तोंड फिरवलं.

मी फाइलमधला मारामारीचा तुकडा कापून घेतला आणि प्रोग्रामला सांगितलं, आकाशाऐवजी आता हे वाच. एकही उपग्रह सापडला नाही. पुन्हा चालवलं. पुन्हा काही नाही. जॅमरवर विश्वास ठेवायला मी तयार नव्हते. अँटेना जागेवर होती, वायर शाबूत होती. मी वायर हाताने चाचपत डोंगलपर्यंत गेले. ती केबिनमधून निघून सरळ मासे ठेवायच्या पेटीत शिरत होती.

झाकण उघडलं. डोंगल प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला तीन गाठी, वर खाली बर्फ.

“हयसर कोणी घातल्यान?”

“मी,” लवूदादा पाठमोराच म्हणाला. “हात लावून बघलंय तर चटको बसलो. जळान जायत म्हणान बर्फात घातलंय.”

आमच्याकडे जे नासू नये असं वाटतं ते बर्फात जातं. सुरमई जाते, आईची इन्सुलिनची बाटली जाते, आणि त्या सकाळी मला न सांगता माझा डोंगल गेला होता. त्याला काय माहीत की त्या स्वस्त डोंगलचा सूर, म्हणजे फ्रिक्वेन्सी, उष्णतेप्रमाणे बदलतो. घरी मी तो गरम असताना मोजला होता, आणि लॅपटॉपवर भार नको म्हणून त्याच सुराच्या आसपास, अरुंद पट्ट्यात, उपग्रह शोधायला सांगितलं होतं. बर्फात पडल्यावर सूर घसरला आणि पट्ट्याबाहेर गेला. उपग्रह होते तिथेच होते. आम्ही चुकीच्या जागी ऐकत होतो.

मी पट्टा मोठा केला. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला, बॅटरीचा आकडा डोळ्यांदेखत उतरायला लागला. मी ओठांवरचं रक्त बाहीला पुसत बसले. एक उपग्रह सापडला. मग आणखी एक. जागा काढायला निदान चार लागतात, आणि चौथा सापडायला इतका वेळ लागला की मला वाटलं तो माणूस तेवढ्यात दोनदा बुडेल. मग नकाशावर रेघ उमटायला लागली. आमची होडी सरळ चालली होती, चालली होती, आणि एका जागी रेघ मोडून तिची गाठ झाली होती. तिथे आम्ही त्यांच्या कुशीत शिरलो होतो. तिथून पुढे पाठलागाची वेडीवाकडी रेघ.

“ही जागा,” मी म्हटलं. लवूदादा वाकला. मी आकडे फोनमध्ये घातले आणि फोन त्याच्यापुढे धरला. तो इंजिनाकडे धावला.

मग मला दुसरी रेघ दिसली. किनाऱ्याला समांतर, लाल, मीच नकाशावर काढून ठेवलेली. नियमाची हद्द. गाठ तिच्या आत नव्हती. चांगली बाहेर होती.

मी गप्प बसू शकले असते. पण माझ्या तोंडात माझाच दात होता आणि मला भयंकर राग आला होता.

“दादा, ती बोट रेघेच्या भायर होती.”

“काय?”

“आपल्या हद्दीत ती नव्हतीच. जॅमर पण नव्हतो. कायच नव्हता.”

त्याने ऐकलं. सुकाणू सोडलं नाही. बस्त्याव काहीतरी पुटपुटला आणि लवूदादा त्याच्याकडे न बघता म्हणाला, “तोंड बंद ठेव. पाण्यावर बघ.”

फोनने सांगितलेल्या जागी पोचलो तेव्हा तिथे काही नव्हतं. लवूदादाने ओहोटीची ओढ बघितली आणि होडी दक्षिणेकडे घातली. पहिल्यांदा पक्षी दिसले. मग त्यांच्या खाली तोडून टाकलेल्या जाळ्याचे तरंगते बोये, लांबच लांब माळ, आणि मधोमध सुटायला धडपडणारा बांगडा. एका बोयावर एक डोकं होतं.

“गावलो,” आबा म्हणाले आणि रडायला लागले.

गोपाळने मान वळवून आमची होडी ओळखली. मी हात हलवला, “इलंव आम्ही, धरून रव,” असं ओरडले. त्याने काठावर उभ्या असलेल्या लवूदादाला पाहिलं. त्याने बोया सोडला आणि आमच्यापासून लांब पोहायला लागला. उरलेलं मारायला आलेत असं त्याला वाटलं. त्याच्या जागी मलाही वाटलं असतं. एक हात चालत नव्हता, तोंड सारखं पाण्याखाली जात होतं, तरी तो लांब जात होता, आणि जाळ्याचा सुटा घेर त्याच्या पायांकडे येत होता.

लवूदादाने उडी मारली.

तो जवळ पोचताच गोपाळने उलटून त्याला मारलं. चांगल्या हाताची मूठ नाकावर, मग तोंडावर, मग पुन्हा नाकावर. पाणी लाल झालं. माझ्या भावाच्या हातात त्याच्या दुप्पट जोर होता. त्याने एकदाही हात उचलला नाही. दोन्ही पंजे उघडे, पाण्यावर, त्याला दिसतील असे धरले आणि तोंड पुढे केलं.

“मार,” तो म्हणाला. “मार, पण बुडा नको.”

गोपाळने मारलं. चावलासुद्धा. माझ्या भावाच्या गालाचा लचका त्याने दातांत धरला आणि आम्ही तिघं काठावरून बघत होतो. मग त्याचं बळ संपलं, मान पडली. लवूदादाने त्याला मागून बगलेत धरलं, पायातलं जाळं दातांनी आणि हातांनी सोडवलं आणि होडीपर्यंत ओढत आणलं. आम्ही त्याला वर घेतलं तेव्हा त्याच्या डाव्या हाताची बोटं मला बघवली नाहीत. आबांनी त्याला पोटावर झोपवून पाणी काढलं. तो खोकला, ओकला आणि लवूदादा होडीत चढताच कोपऱ्यात सरकला.

लवूदादा त्याच्या जवळ गेला नाही. पाणी निथळत वायरलेसपाशी गेला. ती वाहिनी सगळ्या बंदरांतल्या बोटी ऐकतात. त्याने बटण दाबलं.

“तुमचो गोपाळ जिवंत असा,” तो म्हणाला. “बरगड्ये मोडलेहत, बोटा मोडलीहत. मी मोडलंय. तो पडल्यावर हात जोडून होतो, तरी मारलंय. आणि तुमची बोट हद्दीच्या भायर होती. माझ्या बहिणीकडे त्येचो पुरावो असा. माझा नाव लवू मेस्त.”

त्याने बटण सोडलं. मग आमच्याच बंदरातला एक आवाज आला, लहानपणापासून ऐकलेला. त्याने माझ्या भावाला जी शिवी दिली ती मी लिहीत नाही.

त्याला न्यायला परत आलेल्या त्यांच्या बोटीवर गोपाळला चढवून आम्ही दुपारी बंदरात आलो. पोलीस यायचे होते, त्याआधी आमची माणसं आली. ज्यांच्यासाठी आम्ही वर्षभर भांडत होतो तीच. पुढच्या सुनावणीत आता आपल्याला कोण उभं करील, म्हणत ती पुळणीच्या वाळूवर उतरली आणि कुऱ्हाडींनी आमची होडी फोडायला लागली. पहिली फळी निघाली तशी मी धावले. लवूदादा वाळूत बसला होता. त्याने माझं मनगट धरून मला खाली ओढलं.

तो काहीतरी म्हणाला. त्याचे ओठ इतके सुजले होते की मला समजलं नाही, आणि त्याला परत सांगावं लागलं.

“बस हयसर,” तो म्हणाला. “फोडूंदेत.”